मात्रा संपल्या, बाई

अप्पा, तुम्हाला बसवून नेलं. तुम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत हे मी ऐकून होते, पाहिलं मात्र पहिल्यांदाच. कपाळभर विभूती, गळ्यात हार आणि मान जराशी उजवीकडे कललेली. छापखान्यात शिशाच्या खिळ्यांच्या केसपुढे, त्या कप्प्याकप्प्यांच्या खोक्यापुढे, उंच स्टुलावर बसलात की तुमची मान अशीच कलायची. मला वाटलं, आता हात पुढे कराल आणि म्हणाल, "मजकूर आणा की बाई." मी गर्दीत पार मागे उभी होते. आठ महिने ज्या माणसाच्या छापखान्याची पायरी चढले नाही, त्याच्यापुढे कोणत्या तोंडानं येणार?

त्याला आज सहा दिवस झाले. काल तुमच्या पत्नीनं, गौराक्कांनी, शाळेत निरोप पाठवला की छापखाना बंद करतोय, खिळे घ्यायला व्यापारी येणार आहे, त्याआधी एकदा येऊन जा. मी शाळा सुटल्यावर गेले. त्यांनी मला तुमच्या स्टुलावर बसवलं आणि टेबलाच्या खणातून एक फाटका पुडा काढून माझ्या हातात दिला. खिळे ओतणाऱ्या फौंड्रीतून येतो तसला जाड तपकिरी कागद. आत मूठभर खिळे उरले होते, सगळे मात्रांचे. वर निळ्या पेन्सिलीनं तुमचं अक्षर होतं, 'बाईंच्या पुस्तकासाठी'.

"हे कधी आणलं होतं?" मी विचारलं.

"दिवाळीच्या आदी," गौराक्का म्हणाल्या. "तुमचं पुस्तक हाती घ्यायच्या आदीच की. बाईंना मात्रा लई लागतात म्हनले आनि घिऊन आले."

अप्पा, तुम्ही माझ्याशी खोटं बोललात. आणि ते मला कळायला तुम्हाला जावं लागलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, तुमची तर मेल्यावरही गेली नाही. मला अजून गप्प बसू देत नाही आहात.

आपलं पहिलं पुस्तक आठवतं? बारक्या पोरांसाठी लिहिलेली एका खारीची गोष्ट. पुण्याच्या दोन प्रकाशकांकडून ती परत आली होती. एकानं निदान चिठ्ठी तरी लिहिली होती, दुसऱ्यानं तेवढीही तसदी घेतली नाही. सोलापूरच्या बाळीवेशीमागच्या गल्लीतल्या तुमच्या छापखान्यात मी आले होते ते शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका छापून घ्यायला. पिशवीतून पत्रिकेच्या मजकुराबरोबर खारीचे कागदही बाहेर आले. तुम्ही पत्रिका बाजूला ठेवलीत आणि खार वाचायला घेतलीत, तीही ओठ हलवत. शेवटी मान वर करून म्हणालात, "ही पुस्तक आपन काढू या की, बाई."

"हे पुस्तक," मी म्हटलं. माझ्यातली मास्तरीण कधी झोपत नाही.

"तेच ते," तुम्ही हसलात. "घरी कन्नड, बाजारात मराटी. पुस्तकाला बाईमानूस केलं तर कुटं बिगडलं?"

गड्ड्याच्या जत्रेच्या जाहिराती, लग्नाच्या पत्रिका आणि तेलाच्या दुकानाची पावतीपुस्तकं छापणारा माणूस, मुलांच्या पुस्तकाचा प्रकाशक व्हायला निघाला. मी विचारलं, खपेल का? तुम्ही म्हणालात, पोरं वाचतील का ते इचारा. छापखान्याचा एक नियम तुम्ही मला त्या दिवशी सांगितलात. शेवटच्या प्रुफावर लेखकानं स्वतःच्या हातानं 'छापावे' असं लिहून खाली सही करायची. त्याशिवाय तुम्ही मशीनच्या पायट्याला पाय लावणार नाही, आणि जुळलेले खिळे सोडून केसमध्ये परत टाकणारही नाही. "जुळवनारा मी हाय. पन तोंड तुमचं हाय," असं म्हणाला होतात. खारीच्या प्रुफावर मी 'छापावे' लिहिलं. त्याआधी माझी सही फक्त पगारपत्रकावर झालेली होती.

मग हौसा आली.

उजनीचं पाणी चढायला लागलं होतं ते वर्ष. भीमेकाठची गावं उठत होती. हौसाचा बाप बायकोपोरांना घेऊन सोलापुरात आला, कापडाच्या मागावर कामाला लागला आणि हौसा माझ्या तिसरीच्या वर्गात येऊन बसली. महिनाभर एक शब्द बोलली नाही. एके दिवशी मी फळ्यावर नदी काढून धरण समजावत होते, तर ती उभी राहिली.

"बाई, आमची हीर कुटं जाईल वो?"

"कोणती विहीर?"

"घरामागची. पानी आल्यावर ती बुडंल का? तिच्यात तर आदीच पानी हाय."

वर्ग हसला. मला हसू आलं नाही. घरी जाऊन मी लिहायला बसले आणि पंधरा दिवसांत गोष्ट झाली. गाव उठतं, माणसं भांडी, कोंबड्या, चौकटीसुद्धा काढून नेतात, आणि एक मुलगी सगळ्यांना विचारत फिरते की विहीर कशी न्यायची. मुलीचं नाव मी बदललं. तिचं बोलणंही बदललं. माझ्या कागदावर ती म्हणाली, 'विहीर कुठे जाईल? ती बुडेल का? तिच्यात तर आधीच पाणी आहे.'

तुम्ही ओठ हलवत वाचलंत. मग म्हणालात, "बाई, ही तुमची सगळ्यांत चांगली पुस्तक." या वेळी मी 'हे' म्हटलं नाही.

त्याच वेळी शाळांच्या वाचनालयांसाठी पुस्तकं निवडणाऱ्या समितीची जाहिरात आली. त्यांच्या यादीत नाव लागलं तर पुस्तक जिल्ह्याजिल्ह्यांतल्या शाळांत जाणार होतं. जाहिरातीत एक ओळ होती, 'भाषा शुद्ध व प्रमाण असावी.' ती ओळ वाचून मी निर्धास्त झाले, कारण शुद्ध भाषा ही माझी आयुष्यभराची कमाई होती. पुस्तक पोचायच्या शेवटच्या तारखेला आठ दिवस उरले असताना तुमच्याकडून प्रूफ आलं. मी उभ्या उभ्या पहिलं पान वाचलं आणि तशीच तुमच्याकडे निघाले. रस्त्यात मिलचा भोंगा झाला, पाळी सुटली, माणसांचा लोंढा समोरून येत होता आणि मी त्यातून प्रूफ छातीशी धरून उलट्या दिशेनं चालत होते.

निवेदन होतं तसं होतं. एक काना इकडचा तिकडे नव्हता. पण मुलगी बोलायला लागली की पानात दुसरंच कुणीतरी बोलत होतं. 'हीर कुटं जाईल? ती बुडंल का? तिच्यात तर आदीच पानी हाय.'

"हे काय आहे, अप्पा?"

तुम्ही केसवरून मानही वर केली नाहीत. "मात्रा संपल्या, बाई."

"काय?"

"मात्रांचे खिळे संपले. तुमच्या लिवन्यात झाले, केले, गेले, सगळ्यांच्या डोक्यावर मात्रा. त्यातच समद्या गेल्या. पोरगी बोलाया लागली तवा एकबी उरली न्हाय. मग काय करू? 'आहे'ला मात्रा लागते, 'हाय'ला लागत न्हाय. 'कुठे'ला लागते, 'कुटं'ला नुसतं टिंब. टिंबं लई होती."

आज हे लिहिताना मला हसू येतंय. त्या दिवशी आलं नाही. आणि गंमत बघा, ही कैफियत मी सबंध 'झालं, गेलं' करतच लिहितेय. पुस्तकात मी असं कधी लिहीत नाही. तुमच्याशी बोलताना मात्रा आठवतच नाहीत.

मी म्हटलं, "मग खिळे आणा. आठ दिवस आहेत."

तेव्हा तुम्ही मान वर केलीत. "बाई, खरं सांगू? ती पोरगी असंच बोलती. तुमीच मला तिचं बोलनं करून दावलंत, हितं, ह्याच जागी. मी ऐकलं आनि हात गेला."

मग माझा तोल सुटला. तुम्हाला मी तोवर जे सांगितलं नव्हतं ते सांगितलं. अध्यापक विद्यालयातला माझा पहिला पाठ. समोर वर्ग, मागे बाकांवर परीक्षक आणि माझ्याबरोबरच्या मुली. एका मुलानं उत्तर दिलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'न्हाय, तसं न्हाय.' मागच्या बाकांवर खसखस पिकली. परीक्षकांनी पाठ थांबवला आणि मला 'नाही' हा शब्द सगळ्यांसमोर दहा वेळा म्हणायला लावला. दहा वेळा, अप्पा. खडू हातात धरून. घरी आई वाट बघत होती. बुद्धविहारात सगळ्यांना सांगून आली होती की आज माझी लेक मास्तरीण होणार. तिला मी सांगितलं, पाठ चांगला झाला. त्या दिवसापासून मी झोपेतसुद्धा 'न्हाय' म्हटलेलं नाही.

"तुम्हाला ती बोली गोड वाटते," मी म्हटलं, "कारण त्या बोलीपायी तुम्हाला कुणी उभं केलं नाही. माझ्या पुस्तकातल्या मुलीला कुणी हसता कामा नये."

हे म्हणणं मी आजही मागे घेतलेलं नाही. तुम्ही समोर असतात तर आपण अजून भांडलो असतो, आणि भांडायलाच हवं होतं. पण मी तिथे थांबले नाही. तुम्ही हळूच म्हणालात, "बाई, हसनारे हसतील. पन जिची पुस्तक हाय ती पोरगी तर..." आणि मी तुम्हाला वाक्य पुरं करू दिलं नाही.

"जिची पुस्तक नाही, जिचं पुस्तक! ज्यांना पुस्तक 'ती' की 'ते' एवढं कळत नाही, त्यांनी मला मराठी शिकवू नये."

गौराक्का पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या. त्या तशाच आत गेल्या.

तुम्ही प्रुफाची घडी केलीत. "व्हय," म्हणालात. "बरोबर हाय. चार दिसांनी या." एवढंच.

त्या रागात मला कळलंही नाही की खडू हातात घेऊन उभ्या राहिलेल्या मुलीला हसणाऱ्यांच्या बाकावर मी स्वतःच जाऊन बसले होते. घरी पोचल्यावर कळलं. परत फिरावं असंही वाटलं. पण गेले नाही. मी हट्टी आहे हे तुम्हाला ठाऊकच होतं, त्या दिवशी मी भित्रीही होते.

चार दिवसांनी आले तर नवं प्रूफ तयार होतं. प्रत्येक 'हाय'चं 'आहे', प्रत्येक 'कुटं'चं 'कुठे'. एक चूक सापडेना. मात्रा कुठून आल्या ते मी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाहीत. मी 'छापावे' लिहिलं, सही केली. पुस्तक वेळेत गेलं आणि यादीतही लागलं. शाळेत मुख्याध्यापकांनी पेढे वाटले. दोन पेढे तुमच्यासाठी कागदात बांधून मी पिशवीत ठेवले होते. ते पिशवीतच वाळले.

आता जे तुम्हाला कुणी सांगितलं नाही, ते ऐका. ते सांगायलाच हे लिहायला घेतलंय.

पुस्तकाची पहिली प्रत मी हौसाला दिली. ती खिडकीत बसून बोट ठेवून वाचत होती. मी वह्या तपासायचं सोंग करत तिच्याकडे बघत होते. तिनं पुस्तक मिटलं आणि माझ्याकडे आली.

"बाई, ही पोरगी आमच्या गावची न्हाय."

"का गं? तुझ्याच गावची आहे."

"न्हाय. आमच्यात असं कोन बोलत न्हाय. ही धरनावरच्या सायबाची आसंल." मग मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाली, "पन तिची हीर आमच्यावानीच हाय."

अप्पा, माझ्या हातातला लाल पेन तसाच राहिला. ज्या धरणानं तिची विहीर घेतली, त्या धरणाच्या साहेबाच्या मुलीच्या तोंडी मी तिचा प्रश्न घातला होता. तुम्ही हेच सांगत होतात. 'जिची पुस्तक हाय ती पोरगी तर...' या वाक्याचं पुढचं टोक हौसानं माझ्या हातात आणून दिलं.

तेव्हा तरी मी यायला हवं होतं. रोज ठरवायची, उद्या जाऊ. मग वाटायचं, जाऊन काय सांगू? की तुम्ही बरोबर होतात? ते सांगायला जीभ वळेना. तुम्हाला दम लागतो, दवाखान्यात ठेवलंय, हे कळलं त्या दिवशी दवाखान्याच्या फाटकापर्यंत आले. शेंगदाणेवाल्याकडून उगाच शेंगा घेतल्या, फाटकाशी उभी राहून खाल्ल्या आणि परत गेले. इतकं क्षुद्र माणूस मी असू शकते, हे मला त्या शेंगांनी सांगितलं.

काल गौराक्का पुडा देऊन थांबल्या नाहीत. मला मागच्या फळीपाशी घेऊन गेल्या. फळीवर जुन्या पत्रिका अंथरून झाकलेलं काहीतरी होतं. त्यांनी पत्रिका उचलल्या. खाली चार लोखंडी गॅल्या होत्या, खिळे मांडायच्या लांबट थाळ्या, आणि त्यांत जुळलेले खिळे, पानंच्या पानं, सुतळीनं आवळून बांधलेले. वर धूळ नव्हती.

खिळ्यांवरची उलटी अक्षरं वाचायला तुम्हीच मला शिकवलंत. मी वाकले. उजवीकडून डावीकडे एकेक खिळा लावत गेले, तुमच्यासारखीच ओठ हलवत. 'हीर कुटं जाईल?'

तुम्ही पहिलं प्रूफ दुरुस्त केलंच नव्हतं. ते जसंच्या तसं बांधून ठेवलंत आणि माझ्यासाठी सगळं पुस्तक पहिल्यापासून पुन्हा जुळवलंत. चार दिवसांत. दम लागत असताना.

"आठ म्हैने हितंच हाय," गौराक्का म्हणाल्या. "सगळी टिंबं ह्यात अडकून बसली. लगीनसराईत मानसं पत्रिका घिऊन येत, हे परत पाठवत. 'मंगल'ला टिंब न्हाय, 'चिरंजीव'ला न्हाय, 'निमंत्रण'ला न्हाय, पत्रिका कशी करू म्हनत. मी म्हनलं, सोडा की वो ते. तर म्हनायचे, बाईंची सही झालेली न्हाय. बाई येतील. सोडायचं का छापायचं, त्या सांगतील."

मी तिथेच जमिनीवर बसले. मोठ्यानं रडले, अप्पा, लहान मुलासारखी. मी रागावून घरी बसले होते आणि तुम्ही गावातल्या लग्नांची टिंबं अडवून माझी वाट बघत होतात. आणि या आठ महिन्यांत माझ्यावर चिडला म्हणावं, तर तेही नाही. निदान एक निरोप तरी धाडायचा होतात. 'बाई, फळी मोडायला आली' एवढा जरी धाडला असतात, तरी धावत आले असते. तुमच्या या गुणी गप्प बसण्याचा मला आता फार राग येतोय.

गौराक्कांनी मला रडू दिलं. मग विचारलं, "परवा येपारी येनार. ह्याचं काय करू? वितळाया शिश्यात घालू?"

खरं सांगते, त्याही क्षणी मला तो वर्ग दिसला, मागच्या बाकांवरची खसखस ऐकू आली. हे पुस्तक निघालं तर कुठल्यातरी शाळेत कुठलीतरी मुलगी हे मोठ्यानं वाचेल आणि हसलं जाईल. त्याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. यादीवाले काय म्हणतील तेही ठाऊक नाही. पण खिडकीत बोट ठेवून बसलेली हौसाही दिसली. तिला पुस्तकात स्वतःची विहीर सापडली होती, स्वतःचं तोंड सापडलं नव्हतं.

"आधी एक प्रूफ काढू," मी म्हटलं.

गौराक्कांनी पदर खोचला. नवं लग्न झालं होतं तेव्हा मशीनवर कागद लावायला त्याच उभ्या राहायच्या, हे मला काल कळलं. त्यांनी रुळावर शाई घेतली, खिळ्यांवरून फिरवली, ओला कागद घातला आणि वरून हातानं दाब दिला. कागद उचलला तशी मुलगी सुलट्या अक्षरांत बोलायला लागली. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. निवेदन माझं होतं, सगळ्या मात्रांसकट. बोलणं हौसाचं होतं. दोन्ही एका पानावर शेजारी शेजारी नांदत होती, आणि चूक एकही नव्हती.

"व्यापाऱ्याला आठ दिवस थांबायला सांगा," मी म्हटलं.

"मी सांगते त्याला," गौराक्का म्हणाल्या. "मशीन मी चालवीन. पन सही लागंल. त्यांचा नियम हाय."

त्यांनी तुमची निळी पेन्सिल दिली. प्रुफाच्या खाली, उजव्या कोपऱ्यात, हात सवयीनं लिहून गेला, 'छापावे'. लिहिल्यावर मी त्याच्याकडे बघत राहिले. मग बोट ओलं करून वरची मात्रा पुसली, तिथे एक टिंब दिलं आणि खाली सही केली.

छापावं.